चाळिशीनंतरची टापटीप

मराठी भाषेंत ‘चाळिशी’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ वयाचीं चाळीस वर्षें, आणि दुसरा अर्थ त्या वयांत जवळचें अक्षर वाचण्यासाठीं नाकावर चढणारा चष्मा. ज्या पिढ्यांनीं हा शब्द रूढ केला, त्यांना या सुमारास माणसाच्या देहांत होणारा पालट चांगला ठाऊक होता यांत शंका नाहीं. डोळ्यांतील भिंग ताठर होतें, कानशिलांवरचे केंस पांढरे होऊं लागतात, कमरेचा घेर वाढतो, आणि तिशींत घेतलेला शर्ट खांद्यांवर बसला तरी पोटावर बसत नाहीं. परंतु याच वेळीं दुसराही एक पालट होतो आणि तो मनाचा असतो. मनुष्य आरशांत पाहण्याचें सोडून देतो. “आतां या वयांत कोणाला दाखवावयाचें आहे?” हें वाक्य घरोघर ऐकूं येतें, आणि ऐकणारांपैकीं पुष्कळांनीं तें स्वतः उच्चारलेंही असेल. त्यांत विरक्तीपेक्षां थकवा अधिक असतो, आणि बहुतेक वेळां त्या थकव्यामागें पैशाची अडचण लपलेली असते.

येथें प्रथमच एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. नटणें म्हणजे आपण जे नाहीं तसे दिसण्याचा खटाटोप. टापटीप म्हणजे आपण जसे आहों तसे स्वच्छ, नीटनेटके व प्रसन्न असणें. नटण्याला पैसा लागतो आणि तो कितीही खर्चिला तरी पुरत नाहीं. टापटिपीला पैसा थोडा लागतो, पण नियमितपणा पुष्कळ लागतो. मध्यम वयांत, मध्यम उत्पन्नांत जी गोष्ट साधण्याजोगी आहे ती ही दुसरी. आणि तिचा खर्च खरेदींत कमी व निगेंत जास्त असतो, हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचें सर्व सोपें होतें.

पूर्वीं हा प्रश्न इतका मोठा नव्हता. १९५१ च्या जनगणनेच्या सुमारास भारतांतील माणसाचें सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. २०१४ ते २०१८ या काळाच्या सरकारी नमुना-पाहणींत तें ६९.४ वर्षें भरलें. जुन्या सरासरींत अर्भकांच्या मृत्यूंचा वांटा मोठा होता, तेव्हां त्या काळीं सर्वच माणसें तिशींत मरत असत असा अर्थ कोणी घेऊं नये. तरी एवढें खरें कीं, आज ज्यानें पंचेचाळिशी गांठली त्याच्यापुढें बहुधा पंचवीस-तीस वर्षांचा काळ उभा आहे. एवढा दीर्घ काळ ‘आतां काय राहिलें’ असें म्हणत विटक्या कपड्यांत काढणें, हा हिशेब कोठें तरी चुकलेला आहे.

हा प्रश्न जेथें रोजचा होऊन बसला आहे असें एक शहर मुंबईच्या उत्तर वेशीवर आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील मीरा-भाईंदर हें एके काळीं मिठागरांचा, भातशेतीचा आणि उत्तन, पाली, चौक, डोंगरी अशा किनाऱ्यावरील वस्त्यांचा मुलूख होता. १२ जून १९८५ रोजीं तेथें नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेंत सवापांच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्यें आठ लाखांच्या वर गेली. मुंबईंतील चाळींतून आणि भाड्याच्या खोल्यांतून बाहेर पडून, कर्ज काढून दोन खोल्यांचें स्वतःचें घर घेतलेलीं हजारों कुटुंबें या वस्तींत आहेत. ज्यांनीं पंचविशी-तिशींत हीं घरें घेतलीं, तीं माणसें आतां चाळिशीच्या व पन्नाशीच्या घरांत आलीं आहेत.

यांपैकीं एखाद्या गृहस्थाचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. भाईंदर स्थानक चर्चगेटपासून सुमारें ४३ किलोमीटर दूर आहे. संथ गाडीनें एका वाटेला तासाहून अधिक वेळ जातो आणि तोही बहुधा उभ्यानें, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. सकाळीं इस्त्री केलेला शर्ट अंधेरी येईपर्यंत चुरगळतो. खाडीवरची दमट, खारट हवा घाम वाळूं देत नाहीं. पगारांतून घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांचें औषध वजा जातां उरलेल्या रकमेंत स्वतःच्या कपड्यांचा क्रम सर्वांत शेवटीं लागतो. गृहिणीची स्थिति याहून बिकट असते. सणाला मुलीला ड्रेस येतो, मुलाला बूट येतात, आणि तिची नवी साडी “पुढच्या वर्षीं पाहूं” या वाक्यावर तोलली जाते. हा त्याग कौतुकास्पद आहे. पण त्याची संवय जडली म्हणजे मनुष्य हळूहळू स्वतःच्या हिशेबांतूनच वगळला जातो.

या वगळण्याची किंमत पुढें मोजावी लागते. पन्नाशीच्या आगेंमागें नोकरी गेली तर नव्या दारीं जाऊन उभें राहावें लागतें, आणि तेथें बोलण्याआधीं कपडे बोलतात. मुलीच्या लग्नाच्या बोलणींत, बँकेच्या मेजापुढें, रुग्णालयाच्या खिडकीशीं, सर्वत्र माणसाची पहिली पारख डोळ्यांनींच होते. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण अतिशयोक्तीची असली, तरी तिच्यांतील व्यवहार खोटा नाहीं.

महाराष्ट्राच्या इतिहासांत पोषाखाचा आणि मानाचा हा संबंध अत्यंत स्पष्टपणें दाखविला गेला तो महाड येथें. डिसेंबर १९२७ मध्यें तेथें भरलेल्या सत्याग्रह परिषदेच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांपुढें स्वतंत्र भाषण केलें. लुगडें इतर स्त्रियांप्रमाणें नेसा, जातीची खूण म्हणून अंगावर वागविले जाणारे जड दागिने टाका, आणि कपडा फाटका व ठिगळांचा असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असूं द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. तेथील स्त्रियांनीं तो लगेच अमलांत आणून लुगडीं नेसण्याची पद्धत बदलली. ज्यांच्यापाशीं खर्चावयास कांहींच नव्हतें अशा माणसांना हें सांगितलें गेलें, हें त्यांतील मर्म आहे. श्रीमंतीची नक्कल करण्याचा तो सल्ला नव्हता. स्वतःला कमी लेखण्याची जी खूण दुसऱ्यांनीं अंगावर चिकटविली होती, ती काढून टाकण्याचा तो सल्ला होता.

अशा खुणा आजही आहेत. कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव करून पतीच्या निधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनाही तसें करण्याचें आवाहन केलें. ‘अमुक वयानंतर, अमुक घटनेनंतर बाईनें नीट राहूं नये’ हा संकेत किती खोल रुजलेला होता, तें या ठरावाच्या गरजेवरूनच कळतें. मध्यम वयाच्या स्त्रीनें वेणी नीट घातली, चांगल्या रंगाचें वस्त्र नेसलें, तर त्यांत थिल्लरपणा पाहणारे डोळेच दुरुस्त केले पाहिजेत.

आतां प्रत्यक्ष उपायांकडे वळूं. पहिल्या महिन्यांत कांहींएक विकत घेऊं नये. एका रविवारीं कपाटांतील सर्व कपडे बाहेर काढून त्यांचे तीन ढीग करावेत: जे आज अंगाला येतात ते, जे दुरुस्तीनें येतील ते, आणि जे कधींच येणार नाहींत ते. तिसऱ्या ढिगाशीं ममता असते. ‘वजन उतरल्यावर घालूं’ म्हणून दहा वर्षें जपलेली पँट त्यांत असते. ती मोकळ्या मनानें एखाद्या गरजू तरुणाला द्यावी किंवा बोहारणीला द्यावी. भाईंदर पूर्वेकडे स्टेनलेस स्टीलचीं भांडीं तयार करणारे पुष्कळ लहान कारखाने आहेत; तेव्हां जुन्या पँटेचें पातेलें होणें या गांवाला तरी शोभून दिसेल. मऊ झालेल्या सुती साड्या मात्र गोधडीसाठीं ठेवाव्यात.

दुसरा ढीग हाच खरा खजिना. मराठी शिंपी शिवणीच्या आंत सोडलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. कपडा माणसाच्या वाढत्या देहाला सांभाळून घेतो तो या मायेच्या बळावर. पँटेच्या मागच्या शिवणींत, ब्लाउजच्या दोन्ही बाजूंस, कुडत्याच्या कडेला माया असेल तर वस्त्र उसवून सैल करतां येतें. सैल कपडा आंत घेणें तर त्याहून सोपें. म्हणून नवा कपडा शिवतांना किंवा तयार कपडा घेतांना तो उलटा करून माया पाहावी. जेथें ती दोऱ्याच्या काठापर्यंत कापलेली असेल, तेथें कपडा स्वस्त असला तरी अल्पायुषी आहे असें समजावें. मीरा रोड आणि भाईंदर येथील गल्लीबोळांत, एखाद्या जिन्याखालीं यंत्र टाकून बसलेला, नवे कपडे न शिवतां केवळ आल्टर करणारा कारागीर सांपडतो. नव्या शर्टाच्या किंमतीच्या लहानशा अंशांत तो तीन जुने शर्ट अंगाला बसवून देतो.

कपडा बसला म्हणजे काय, याच्या खुणा ठरलेल्या आहेत. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोंकावर यावी. ती दंडावर उतरली कीं मनुष्य ओढगस्तीचा दिसतो. बाही मनगटाच्या हाडापाशीं संपावी. गळ्याचें बटण लावल्यावर कॉलरींत दोन बोटें जावीं. पोटावरील बटणांच्या मधल्या फटी ताणून उघडूं नयेत. पँटेचा तळ बुटावर एकदांच मोडावा, त्याचा ढीग होऊं नये. पोट सुटलेला मनुष्य अंग झांकण्यासाठीं दोन मापें मोठा शर्ट घेतो आणि त्यामुळें अधिकच स्थूल दिसतो. घट्टही नाहीं व ढगळही नाहीं असा बेताचा कपडा हाच देह झांकतो. ब्लाउजचें मापही दर दोन-तीन वर्षांनीं पुन्हां द्यावें. लग्नांतल्या ब्लाउजवरून नवा शिवण्याचा आग्रह धरूं नये.

कापडाची टंचाई म्हणजे काय, हें जुन्या पिढीनें पाहिलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ मध्यें, सरकारनें सुती कापडावर नियंत्रण आणलें. त्या पिढीच्या काटकसरींत शर्टाची झिजलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हां शिवण्याची रीति होती. कॉलर सर्वांत आधीं विरते, बाकीचा शर्ट शाबूत असतो. उलटविल्यानें त्याला आणखी एक-दोन वर्षें मिळतात. ही रीति आजही कामास येते. रफू, तुटलेलें बटण, निसटलेली काठाची शिवण हीं दुरुस्तीचीं कामें दिसलीं त्याच आठवड्यांत करावीं. सुईदोऱ्याची एक डबी पुरुषालाही हाताळतां आली पाहिजे.

यानंतर खरेदीचा विचार. येथें किंमत पाहण्याची एक निराळी रीति उपयोगी पडते. चारशें रुपयांचा शर्ट वीस धुण्यांत विटला, तर तो दर वेळीं वीस रुपयांना पडला. बाराशें रुपयांचा शर्ट शंभर वेळां घातला, तर दर वेळीं बारा रुपयांना पडला. रोज लागणाऱ्या वस्तूंना, म्हणजे बूट, चपला, कामाचा शर्ट, चष्म्याची फ्रेम यांना, हा हिशेब लावावा. वर्षांतून एकदां नेसावयाच्या भारी साडीला तो लावला, तर ती मावशीकडून मागून नेसणेंच परवडेल असें ध्यानीं येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवरील व पादत्राणांवरील वस्तु व सेवा कर ५ टक्के करण्यांत आला. साबणाची वडी, टूथपेस्ट, केशतेल, शांपू यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत मिळाली म्हणून चार वस्तु अधिक घेणें ही काटकसर नव्हे. ऋण काढून सण करणारांना तर ‘सेल’चा फलक हा केवळ सांपळा आहे.

रंग थोडे ठेवावेत. निळी, राखी व तपकिरी अशा तीन पँटा आणि त्या तिन्हींवर जाणारे पांच शर्ट घेतले, तर आठ कपड्यांत पंधरा जोड्या होतात. स्त्रियांनीं काळा, मरून आणि सोनेरीसर अशा तीन ब्लाउजांवर जुळतील अशा साड्या निवडल्या, तर प्रत्येक साडीसाठीं निराळा ब्लाउज शिववावा लागत नाहीं. ठळक चित्रांचा आणि नांवांच्या मोठ्या छापाचा कपडा लोकांच्या ध्यानांत राहतो, म्हणून तो लवकर जुना वाटतो. साधा कपडा दहा वेळां घातला तरी कोणी मोजत नाहीं. कापड घेतांना हवा विचारांत घ्यावी. दमट किनाऱ्यावर सूत अंगाला सुखाचें, पण गर्दींत तें चुरगळतें. म्हणून गाडीच्या प्रवासाला सूत अधिक असलेलें मिश्र कापड सोयीचें.

वस्त्राचें आयुष्य धुण्यावर अवलंबून असतें. घामाचे कपडे ढीग करून ठेवूं नयेत. आल्यावर लगेच पसरावे. कॉलर व बाह्यांचे कांठ यांना आधीं साबण लावून दहा मिनिटें ठेवावें आणि बाकीचा कपडा हलक्या हातानें धुवावा. रंगीत कपडे उलटे करून सावलींत वाळवावेत. पावसाळ्यांत कपडे अर्धवट ओले राहून त्यांना कुबट वास येतो, तो जंतूंमुळें येतो; अत्तर मारून तो जात नाहीं. पंख्याखालीं एकमेकांपासून लांब वाळत घालून, शेवटचा ओलावा इस्त्रीनें काढावा. सुती साडीला साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची पातळ खळ दिली, तर जुनें पातळही नवें दिसतें. आपल्या बोलींतला ‘परीटघडी’ हा शब्द कापडाच्या किंमतीविषयीं कांहींच सांगत नाहीं, घडीविषयीं सांगतो. आणि नजरेला प्रथम घडीच दिसते.

पादत्राणांकडे लोक वाटतें त्याहून अधिक पाहतात. एकच बूट रोज घातल्यास आंतला घाम वाळत नाहीं आणि चामडें लवकर फाटतें. दोन जोड आळीपाळीनें घातले तर दोन्ही मिळून दुप्पटीहून अधिक टिकतात. पावसाळ्यांत रस्त्यासाठीं रबरी चप्पल आणि कचेरींत ठेवलेला बूट अशी वांटणी करावी. भिजलेला बूट उन्हांत किंवा चुलीपाशीं न ठेवतां आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलींत वाळवावा. झिजलेली टांच चांभाराकडून वेळीं बसवून घ्यावी. ती एका बाजूला झिजली कीं चालही तिरपी होते.

कपड्यांनंतर देहाची निगा. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कातडीवरील जंतु त्यावर वाढतात तेव्हां तो येतो. म्हणून गाडीचा प्रवास करून आल्यावर रात्रींची दुसरी आंघोळ, आणि त्याहूनही, कांखा, जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणें महत्त्वाचें. स्वस्तांतली स्वस्त तुरटी ओली करून कांखेंत फिरविली तरी पुष्कळ काम होतें, आणि दाढीनंतरही तीच उपयोगी पडते. केंस तीन-चार आठवड्यांनीं कापावेत. विरळ झालेले केंस लांब वाढवून टक्कल झांकण्याचा यत्न टक्कलच दाखवितो. या वयांत नाकाकानांतील व भुवयांचे केंस वाढतात, ते न्हाव्याला सांगून कापवावेत. दाढी करवितांना पातें नवें लावलें आहे हें स्वतः पाहावें. जुन्या पात्यानें यकृताला ग्रासणाऱ्या काविळीचे विषाणु एकाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत जाऊं शकतात.

केंस रंगवावे कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. नीट कापलेले पांढरे केंस अर्धवट उतरलेल्या रंगापेक्षां केव्हांही चांगले. ज्यांना रंगवावयाचे असतील त्यांनीं पाकिटावरील सूचना वाचून कानामागें थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. अशा पुष्कळ रंगांत पॅराफेनिलिनडायअमाइन नांवाचें द्रव्य असतें आणि कांहींना त्यानें तोंड सुजण्याइतका अपाय होतो. झटपट काळी होणारी ‘काळी मेंदी’ही यांतून सुटत नाहीं.

हंसणें मोकळें असावें तर दांत व हिरड्या निरोगी पाहिजेत. चाळिशीनंतर दांत पडतात ते बहुधा किडीपेक्षां हिरड्यांच्या रोगानें. तंबाखू आणि मिश्री त्याला खतपाणी घालतात. दिवसांतून दोनदां दोन-दोन मिनिटें ब्रश करावा आणि तीन महिन्यांनीं तो बदलावा. दांतांचा साठलेला थर मात्र घरीं निघत नाहीं. पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना मुंबई सेंट्रलजवळील महापालिकेचें नायर दंत महाविद्यालय सोयीचें आहे. तेथें अशीं कामें माफक खर्चांत होतात. चष्म्याचेंही तसेंच. तयार चाळिशी घेऊन काम भागतें, पण चाळिशीनंतर एकदां तरी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा; कारण काचबिंदु दुखत नाहीं आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तींत पैसा तर जातोच, पण प्रकृतीही जाते. गोरेपणाचा हव्यास आपल्या समाजांत जुना आहे. १९७५ साली बाजारांत आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमचें नांव २०२० मध्यें ‘ग्लो अँड लव्हली’ झालें. नांव बदललें तरी हव्यास गेला नाहीं. याहून वाईट गोष्ट अशी कीं, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखीं स्टेरॉइडचीं मलमें गोरें होण्यासाठीं किंवा नायट्यासाठीं पुष्कळ जण मनानेंच घेतात. पहिल्या आठवड्यांत चेहरा उजळतो, खाज थांबते. पुढें कातडी पातळ होते, लाल होते, मुरुमें येतात, स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढते. आणि नायटा तर दबून बसून दुप्पट पसरतो व मग साध्या औषधांना दाद देत नाहीं. २०१८ मध्यें केंद्र सरकारनें अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, ती याचसाठीं. कांहीं बेनामी क्रीमांत पारा असतो. तो कातडींतून शरीरांत शिरून मूत्रपिंडें निकामी करूं शकतो. ज्या डबीवर कारखान्याचें नांव, पत्ता व घटक छापलेले नाहींत, ती फुकट मिळाली तरी घेऊं नये. चेहऱ्याला सौम्य साबण, थोडें खोबरेल किंवा साधें मॉइश्चरायझर, आणि उन्हांत हिंडावयाचें असेल तर एस.पी.एफ. ३० चें सनस्क्रीन, नाहीं तर छत्री, एवढें पुरेसें आहे.

आणखी एक खूण सांगितली पाहिजे. पुष्कळ स्त्रीपुरुषांच्या मानेच्या मागें किंवा कांखेंत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. तो मळ समजून लोक घासतात, लिंबू चोळतात, क्रीमें लावतात. तो मळ नसतो. शरीरांत इन्शुलिनचें काम नीट चालत नसल्याची ती बहुधा सूचना असते, आणि तिचा उपाय प्रसाधनांच्या दुकानांत नसून रक्तांतील साखरेच्या तपासणींत आहे. ही तपासणी भाईंदर पश्चिमेच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांतही करतां येते. तीच गोष्ट कमरेची. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर मधुमेह व हृद्रोगाचा धोका वाढतो असें वैद्यकशास्त्र मानतें. शिंप्याची टेप दर वर्षीं जो आंकडा सांगते, तो शर्टाच्या मापाइतकाच आयुष्याच्या मापाचाही आहे. मायेची शिवण दोनदां उसवावी लागली, तर तिसऱ्या वेळीं शिंप्याऐवजीं डॉक्टरांकडे जावें, आणि रोज अर्धा-पाऊण तास चालावयास लागावें.

हें सर्व एकदम करूं म्हटल्यास होत नाहीं. पहिल्या महिन्यांत कपाटाची छाननी, दुसऱ्यांत कपड्यांची दुरुस्ती, तिसऱ्यांत बूट, चौथ्यांत दांत व डोळे, पांचव्यांत रक्ततपासणी, आणि सहाव्या महिन्यांत, बाजूला टाकलेल्या पैशांतून, एक चांगला कपडा. असा क्रम लावला तर कोणत्याही एका महिन्यावर भार पडत नाहीं. यासाठीं घरखर्चाच्या वहींत पतीच्या व पत्नीच्या नांवानें एक-एक ओळ असावी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ओळ कोरी असूं नये. बहुतेक घरांत मुलांच्या, औषधांच्या, पाहुण्यांच्या ओळी असतात. घर चालविणाऱ्या दोन माणसांचीच नोंद नसते.

उत्तनच्या किनाऱ्यावरून भल्या पहांटे मासळी घेऊन बाजारांत येणारी एखादी प्रौढ कोळीण पाहावी. काम कष्टाचें, वास न टळणारा, पैसा बेताचा. पण लुगडें धुतलेलें, काष्टा घट्ट, केंस चापूनचोपून बांधलेले, आणि त्यांत एखादें फूल. ग्राहकाशीं घासाघीस करतांना तिची मान खालीं जात नाहीं. तिला हें कोणी शिकविलेलें नाहीं आणि त्यासाठीं तिनें कर्जही काढलेलें नाहीं. कामावर जातांना आपण स्वतःही कामाइतकेच मोलाचे आहों, एवढेंच तिला ठाऊक आहे. ज्यांनीं घरासाठीं वीस वर्षें गाडीला लोंबकळून काढलीं, त्यांनीं आपल्यासाठीं सकाळचीं दहा मिनिटें आणि महिन्याकाठीं थोडे रुपये राखून ठेवणें, यांत घरच्या कोणाचेंही कांहीं हिरावलें जात नाहीं. उलट, मुलें आईबापांना पाहूनच स्वतःचा मान राखावयास शिकतात.